तिसऱ्या दिवशीची सूज



पाचवीच्या वर्गात मी पांढऱ्या पेशी दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवत आले. फळ्यावर मोठा गोल काढायचा, तो किल्ला. आत पांढरे सैनिक, बाहेर काळे जंतू. जंतू आत घुसले की सैनिक तुटून पडतात, जंतू मरतात, किल्ला वाचतो. पोरांना किल्ला आवडतो, दिवाळीत प्रत्येकाने दारात केलेला असतो. दहा मिनिटांत सगळं समजतं आणि रिकाम्या जागाही बरोबर भरल्या जातात. पण आता मी तो किल्ला काढत नाही. का, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे.

आमचे मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या माणदेशात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. मामांचं वय बासष्ट. आटपाडीपासून जरा बाजूला आमची थोडी डाळिंबाची बाग आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी ते ठिबकचा कॉक फिरवायला गेले आणि तिथंच बांधावर बसले. आत्यांनी हाक मारली तर उत्तर आलं, पण शब्द तोंडातच घोळत होते. डोकं दुखतंय असं हातानं दाखवलं, मग उलटी झाली. उजवा हात लोंबायला लागला.

"वारं गेलं गं यांच्या अंगावरनं," आत्या म्हणाल्या.

आमच्याकडे पक्षाघाताला हाच शब्द. आणि एकदा हा शब्द उच्चारला गेला की अर्धा गाव गोळा होतो. एकाने अमुक गावात लेप देतात म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, नुसतं सांगितलं नाही, कबुतर आणायला पोरगं पाठवलंसुद्धा. शेजारचे एक तात्या हृदयाच्या आजाराची गोळी घेऊन धावत आले. "रक्त पातळ करती, जिभेखाली द्या." मी शिकलेली बाई, डी.एड. झालेली, रोज विज्ञान शिकवणारी. ती गोळी मीच हातात घेतली आणि पाण्याचा तांब्याही आणला. मामांना परत उलटी झाली म्हणून ती पोटात गेली नाही, एवढंच.

पक्षाघात दोन तऱ्हेचा असतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. कोणता ते स्कॅन केल्याशिवाय मोठ्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. फुटलेल्या वाहिनीच्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी देणं म्हणजे फुटक्या पाटाला आणखी पाणी सोडणं. मामांची वाहिनी फुटली होती.

यांनी 108 ला फोन केला तोवर तासभर असाच गेला होता. सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजला, वरचा आकडा 210 निघाला. तिथून पुढं पाठवलं मिरजेला. भिवघाटातून जाताना मी त्यांचा डावा हात धरून बसले होते. तो हात माझा हात दाबत होता, म्हणजे माणूस शुद्धीवर होता.

स्कॅनमध्ये करड्या मेंदूत एक पांढरा डाग दिसला. स्कॅनवर ताजं रक्त पांढरं दिसतं. डॉक्टर म्हणाले, साधारण वीस मिलिलिटर. मी मनात हिशेब केला. पाच मिलिलिटरचा एक चमचा, म्हणजे चार चमचे रक्त. एवढ्याशाने काय होतं असं वाटलं मला. गुडघा फुटला तरी पोरांचं याहून जास्त सांडतं. पण गुडघ्याला जागा असते, कवटीला नसते. ती बंद डबा आहे. आत चार चमचे जास्तीचं आलं की मेंदूलाच दबून जागा करून द्यावी लागते.

पहिले दोन दिवस बरे गेले. मामा आत्यांना ओळखत होते, डाव्या हाताने पांघरूण ओढत होते. सगळ्यांना वाटलं, निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले नाहीत. हलवलं की नुसतं कण्हायचे.

भाऊजी तर उठलेच. "हितं काय खरं न्हाई वैनी. पायावर आणलेला माणूस ह्यांनी झोपवला. पुण्याला हलवू." (पायावर आणला नव्हता, स्ट्रेचरवरच आणला होता. पण अशा वेळी कोण कुणाला दुरुस्त करतं.) मीही त्यांच्याच बाजूची होते. तरुण डॉक्टर दिसले तसं सगळ्यांदेखत मोठ्या आवाजात विचारलं, "रात्री काय दिलंत त्यांना?"

ते चिडले नाहीत. दुसरा स्कॅन झालेला होता. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी शेजारी धरल्या. पांढरा डाग होता तेवढाच होता. पण त्याच्याभोवती एक काळसर कडं आलं होतं, पहिल्या फिल्ममध्ये अगदी बारीक, दुसऱ्यात चांगलंच रुंद. "रक्त वाढलेलं नाही. ही सूज आहे. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढणार याचा आम्हाला अंदाज होता. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"कशामुळं आली?"

"त्यांच्याच शरीरामुळं. त्यांची प्रतिकारशक्ती काम करतीय."

प्रतिकारशक्ती हा शब्द मी आयुष्यभर चांगल्याच अर्थाने वापरला होता. कोरोनाच्या काळात तर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवूनही घेतला होता.

पुढचे काही महिने मी जमेल तिथून वाचलं, डॉक्टरांना प्रत्येक तपासणीच्या वेळी छळलं. त्यातून समजलेलं माझ्या भाषेत मांडते.

बाभळीचा काटा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पायात मोडला आणि काढला नाही, तर दुसऱ्या दिवशी तिथं लाल होतं, ठणकतं, सुजतं. काट्याला सूज येत नाही, ती आपण आणतो. 1882 साली इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिना इथं समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. त्या काटा गिळायला आल्या होत्या. या कामासाठी 1908 मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. मुलांना हा प्रयोग जरूर सांगा. आपल्या पोरांइतकी काट्याची ओळख कुणाला असणार!

मेंदूत अशा राखणदार पेशी कायमच्या वस्तीला असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. हे नाव 1919 मध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने दिलं. एरवी त्या आपल्या बारीक फांद्या हलवत आजूबाजूला चाचपत असतात. रक्त सांडलं की काही तासांतच त्या तिथं सरकतात, सांडलेल्या तांबड्या पेशी गिळायला लागतात आणि रासायनिक हाका मारून बाहेरच्यांना बोलावतात. मग रक्तातून पांढऱ्या पेशी येतात. पहिल्यांदा न्यूट्रोफिल, काट्याच्या पुवात असतात त्याच. पहिल्या दिवसापासून त्यांची रीघ लागते आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्दी सगळ्यात जास्त होते.

इथं मला सांगलीचा पूर आठवतो.

ऑगस्ट 2019. आमच्या आटपाडीत टँकर चालू होते आणि त्याच जिल्ह्यात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही काही शिक्षक खराटे-फावडी घेऊन तिकडे गेलो. मला वाटायचं पूर म्हणजे पाणी, पाणी गेलं की संपलं. तिथं गेल्यावर कळलं की खरा त्रास नंतर आहे. घराघरात गुडघाभर चिखल, कुजलेलं धान्य, भिजलेल्या गाद्या. गल्लीतली माणसं आधीच कामाला लागली होती, त्यांना कुठलं गटार कुठं आहे ते माहीत होतं. मग आमच्यासारखे बाहेरचे आले. ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्या गाड्या आल्या. दुपारपर्यंत ती अरुंद गल्ली अशी तुंबली की चिखलाची भरलेली ट्रॉली बाहेर निघेना. एका ट्रॉलीने वळताना ओली झालेली भिंत पाडली. सगळे मदतीलाच आलेले होते हो! कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

मेंदूत जवळजवळ हेच होतं. न्यूट्रोफिल आत शिरताना जी रसायनं सोडतात, त्यांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. एरवी मेंदूच्या वाहिन्यांची भिंत फार कडक असते, वाट्टेल ते आत सोडत नाही. ती सैल झाली की पाणी झिरपतं. तेच ते काळसर कडं. गल्लीला निदान दोन तोंडं होती, कवटीला तेवढीही वाट नाही.

आणि चिखल? तो म्हणजे लोह. सांडलेल्या तांबड्या पेशी काही दिवसांत फुटतात, आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि त्यातलं लोह सुटं होतं. आपण शाळेत पोरांना लोहाची गोळी देतो, तेच हे लोह. पेशीच्या आत बांधलेलं असेल तर प्राणवायू वाहून नेतं, मेंदूत मोकळं सुटलं तर आजूबाजूच्या चांगल्या पेशींना मारतं. म्हणून तांबड्या पेशी फुटायच्या आत गिळून टाकणारं कुणीतरी लागतं. ते काम कोण करतं? त्याच मायक्रोग्लिया आणि मागाहून रक्तातून आलेल्या भक्षक पेशी. ज्यांच्या हाकेने गर्दी जमली त्याच पेशी साफसफाईही करतात, आणि पुढच्या दिवसांत त्यातल्याच बऱ्याचशा पेशी सूज शमवणारी रसायनं सोडून डागडुजीला लागतात. चांगल्या सैनिकांची आणि वाईट सैनिकांची वेगळी फौज नसते.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, सूज उतरवायला स्टेरॉइड का देत नाही? माझ्या आईला दम्यात त्याने लगेच आराम पडतो, हे मी पाहिलेलं. ते म्हणाले, "या आजारात करून बघितलंय. उपयोग झाला नाही, उलट अपाय झाला." नंतर मी ते शोधून वाचलं. बँकॉकमध्ये 93 रुग्णांवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा अभ्यास झाला, 1987 मध्ये तो छापून आला. औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. पण औषध दिलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग आणि साखरेच्या तक्रारी इतक्या जास्त की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सुटं लोह पकडून ठेवणारं डेफेरॉक्सामीन नावाचं औषधही वापरून पाहिलं गेलं. 2019 मध्ये त्याचे निकाल आले, पण भरवसा ठेवावा असा फायदा दिसला नाही. प्रयत्न चालू आहेत. पण हीच सूज नेमकी उतरवणारी, सगळ्यांना सरसकट द्यावी अशी गोळी अजून नाही.

जंतुसंसर्गाचं आम्हीही भोगलं. आठवड्याने मामांना न्यूमोनिया झाला. एक तर त्यांना नीट गिळता येत नव्हतं. शिवाय मोठ्या पक्षाघातानंतर डोक्यात प्रतिकारशक्ती खवळलेली असते, तेव्हाच बाकीच्या अंगात ती ढिली पडते. सगळी माणसं पुराच्या गल्लीत गेल्यावर गावाची वेस मोकळी राहावी, तसं काहीसं. अशा माणसाला स्टेरॉइड द्या म्हणून मी हट्ट धरला होता.

मग डॉक्टरांनी केलं काय? मोठं काही नाही, असं तेव्हा वाटलं. पहिल्या तासापासून रक्तदाब उतरवून तिथंच धरून ठेवला, खाटेची डोक्याकडची बाजू उंच ठेवली, ताप चढू दिला नाही, साखर दर काही तासांनी बघितली, कवटीतलं पाणी ओढणारं सलाईन दिलं. मला ही नुसती देखभाल वाटायची, आणि भाऊजींना तर फसवणूक. 2023 मध्ये दहा देशांतल्या सात हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतही त्यात होता. रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा, एवढ्याच गोष्टी ठरवून आणि वेळेत केल्या तर जास्त माणसं वाचतात आणि बरी होऊन घरी जातात, असं त्यात दिसलं. पुण्याला हलवायच्या नादात चार-पाच तास रस्त्यावर घातले असते तर यातलं काय झालं असतं, मला विचार करवत नाही. आत्या अडून बसल्या म्हणून आम्ही थांबलो. त्यांचं कारण एवढंच की, "हालवल्यावर अजून सांडंल." आमच्या सगळ्यांपेक्षा त्या माउलीला जास्त कळलं.

दहाव्या-अकराव्या दिवसापासून मामा डोळे उघडायला लागले.

जूनमध्ये शाळा भरली. पांढऱ्या पेशी शिकवायची वेळ आली आणि फळ्यावर गोल काढता काढता माझा हात थांबला. मामांची गोष्ट पोरांना माहीत होतीच, छोट्या गावात काय लपतं. एका मुलीने विचारलं, "बाई, ते सैनिक आपलेच असत्यात ना? मग आजोबांच्या डोक्यात त्यांनी कशाला मारामारी केली?"

उत्तर मी दुसऱ्या दिवशी मैदानात दिलं. आदल्या दिवशी गेरू घालून मातीचे लहान लहान गोळे केले आणि वाळवले, साधारण शंभर. मैदानात फक्कीने एक गोल आखला, त्याला एकच अरुंद दार ठेवलं. गोळे आत पसरले. ते सांडलेल्या तांबड्या पेशी. पहिल्या खेळात चार मुलं आत, पाटीत गोळे गोळा करायचे. त्यांना वेळ लागला, पण फुटले थोडेच. दुसऱ्या खेळात शिट्टी वाजल्याबरोबर अख्खा वर्ग आत. काय सांगू तुम्हाला! दारावरच दोघं पडले, निम्मे गोळे पायाखाली फुटले, फक्कीची रेघ पुसली गेली आणि सगळं मैदान लाल. तिसऱ्या खेळात कुणालाच आत सोडलं नाही. मी नुसती झारीने पाणी घालत राहिले, दिवस गेले असं समजून. गोळे विरघळले आणि लाल पाणी गोलाबाहेर वाहिलं.

मग विचारलं, किती मुलं पाठवायची? कुणी म्हणालं चार, कुणी आठ, कुणी म्हणालं आधी आठ आणि मग चार. वाद सुरू झाला. शास्त्रज्ञांचाही अजून तोच वाद चालू आहे, कधी आवरायचं आणि किती, एवढं मी त्यांना सांगितलं. एका पोराने हात वर न करताच विचारलं, "पण बाई, गोळं सांडलंच नसतं तर?"

ते पोरगं अभ्यासात मागं आहे असं मी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिलेलं आहे.

मामांना रक्तदाब आहे हे आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं. दीड महिना गोळी घेतली आणि सोडली. "मला काय होतंय? भाकरी पचतीय, झोप लागतीय." गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पैशाचा प्रश्न नव्हता. मीही दोनदा म्हटलं आणि गप्प बसले, सासऱ्यांच्या मागं किती लागायचं म्हणून. ही शहरातल्या पैसेवाल्यांची दुखणी, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं दोन वर्षं तपासली. पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, साधारण सात मृत्यूंमागं एक. आणि त्यातली बहुतेक माणसं घरातच गेली होती. 2015 साली हे प्रसिद्ध झालं. जंगलातल्या, कष्टाच्या, भात खाणाऱ्या माणसांची ही गोष्ट. आपल्या ज्वारीच्या भाकरीने आपल्याला कसली माफी मिळणार?

म्हणून पालकसभेत मी यंदा आशाताईंना रक्तदाबाचं यंत्र घेऊन बोलावलं. (वरून आदेश नव्हता. अहवाल, फोटो, लिंक काही भरायचं नव्हतं, त्यामुळे कार्यक्रम छान झाला.) शनिवार म्हणजे आटपाडीचा बाजार, तो टाळून शुक्रवारी सभा ठेवली, एरवी बापमंडळी येत नाहीत. रांगेत एका मेंढपाळ पालकाचा वरचा आकडा 182 आला. आशाताईंनी दोनदा मोजलं. तो हसला, पटका सारखा केला आणि म्हणाला, "मला काय होतंय? रोज धा कोस चालतोय."

मामा तिथंच व्हरांड्यात खुर्चीवर होते, मीच आणलं होतं. आता ते काठी घेऊन चालतात, उजवा हात अजून छातीशीच असतो, मोजके शब्द येतात आणि तेही उशिरा. ते उठले, त्या माणसापाशी गेले. तोंड दोन-तीनदा हललं, शब्द येईना. सगळे थांबून राहिले. मग त्यांनी काठी काखेत धरली, डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्या समोर धरलं. त्या दिवसाची गोळी तेवढी फोडलेली होती.